पत्राच्या आत की पत्रासोबत? : ई-मेलमधील बोधचिन्ह जोडपत्र का होते याचा इतिहास

ई-मेलने होणाऱ्या कार्यालयीन पत्रव्यवहारात एक प्रकार वारंवार आढळतो. पत्राच्या अखेरीस, पाठविणाऱ्याच्या नावाखाली व हुद्द्याखाली, संस्थेचे बोधचिन्ह योजलेले असते. पाठविणाऱ्याच्या पडद्यावर ते जागच्या जागी उमटते. तेच पत्र दुसऱ्याच्या हाती पोचते तेव्हा बोधचिन्हाच्या जागी रिकामी चौकट असते, पत्राच्या माथ्याशी जोडपत्राची खूण म्हणून क्लिपचे चित्र असते, आणि ते जोडपत्र उघडून पाहावे तो आत 'इमेज००१' अशा निरर्थक नावाखाली संस्थेचे तेच बोधचिन्ह निघते. पत्राचा अवयव असावयाची वस्तू पत्रासोबत आलेली वस्तू होऊन बसते.

हा प्रकार सामान्यतः कोणत्या तरी एका आज्ञावलीतील बिघाड म्हणून हाताळला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. पत्र कोठे संपते आणि त्याच्यासोबतची वस्तू कोठे सुरू होते, हा प्रश्न ई-मेलच्या मूळ रचनेत उद्भवलाच नव्हता. तो उद्भवल्यावर त्याची उत्तरे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मानकांत लिहिली गेली, आणि ती लिहिताना अखेरचा निर्णय पत्र पाठविणाऱ्याकडे न राहता पत्र उघडणाऱ्या आज्ञावलीकडे गेला. बोधचिन्हाचे जोडपत्र होणे हा त्या इतिहासाचा परिणाम आहे, आणि इतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्याचे निराकरणही नीट होत नाही. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कचेरीत प्रत्येक पत्रावर जोडपत्राची खूण दिसते, तेथे त्या खुणेचा अर्थ नाहीसा होतो, व खरोखरीचे जोडपत्र, मग तो करारनामा असो वा निकालपत्र, न उघडता राहू शकते. पुढील काळात हाच पत्रव्यवहार अभ्यासू पाहणाऱ्या संशोधकापुढे तर याहून मोठी अडचण उभी राहते. तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

मराठी कागदपत्रांशी परिचय असलेल्या वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप चटकन ध्यानात येईल. शिवकालीन राजपत्रांत मुख्य मुद्रा माथ्याशी असते आणि मजकूर संपतो तेथे मर्यादेची लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटविलेले असते. त्या मोर्तबाचे कार्य शोभेचे नव्हते. येथे लेखन संपले, याखाली कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे, असे ते सांगत असे. एकाला एक कागद डकवून केलेल्या लांब पत्राच्या सांध्यांवरही शिक्के उमटविलेले आढळतात, ते याचसाठी : सांध्याच्या दोन्ही बाजूंचे कागद एकाच पत्राचे आहेत हे त्यावरून सिद्ध होई. याउलट जो मजकूर मूळ पत्राबाहेरचा आहे तो 'पुरवणी' या शब्दाने स्वतंत्रपणे आरंभिला जाई. पत्र आणि पुरवणी यांतील भेद कागदावरच, दिसेल अशा रीतीने, नोंदलेला असे. वाचणाऱ्याने तो ठरवावयाचा नसे. ई-मेलच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट कशी घडली नाही, हे आता पाहू.

संगणकजालावरून एका यंत्रावरील व्यक्तीने दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीस पत्र धाडण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर केली. अमेरिकेतील केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीत ते काम करीत. एकाच यंत्राच्या उपयोगकर्त्यांसाठी संदेश ठेवणारी एक आज्ञावली आणि फाइल जालावरून वाहून नेणारी दुसरी, यांचा त्यांनी मेळ घातला. म्हणजे ई-मेलच्या जन्मातच फाइल वाहून नेण्याची कल्पना आहे. परंतु जी फाइल वाहिली जाई ती पत्राच्या मजकुराचीच. पत्राच्या शीर्षओळींना ठराविक रूप देण्याचा पहिला प्रयत्न सप्टेंबर १९७३ मधील ५६१ क्रमांकाच्या आरएफसीत दिसतो. इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित टिपणांतून प्रसिद्ध होतात त्यांना आरएफसी म्हणतात. या टिपणाच्या चार लेखकांत टॉमलिन्सन यांच्यासोबत अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर होते. फाइल वाहतुकीच्या संकेताचे १९७१ मधील पहिले टिपणही भूषण यांचेच. पुढे १९७७ मध्ये ७३३ आणि ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी सिद्ध केलेला ८२२ हे आरएफसी आले, व या शेवटच्याने पत्राचे रूप जवळजवळ दहा वर्षे स्थिर केले.

८२२ ची पत्रविषयक कल्पना अत्यंत साधी आहे. आरंभी शीर्षओळी, नंतर एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर मजकूर. हा मजकूर म्हणजे अमेरिकन वर्णसंचातील अक्षरांच्या ओळी. त्यात काय आहे याची मानकाला फिकीर नाही. आत आणि सोबत हा भेद येथे संभवतच नाही, कारण सोबत असे काही नाहीच. चित्र किंवा आज्ञावली धाडावयाची असल्यास तिचे रूपांतर छापील अक्षरांत करून ती अक्षरे मजकुरातच ओतीत. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथे लिहिलेली 'युयुएनकोड' ही आज्ञावली यासाठी दीर्घकाळ वापरात होती. पत्राच्या मध्येच अर्थहीन अक्षरांची लांबच लांब रांग दिसे, आणि ती कापून पुन्हा चित्रात रूपांतरित करण्याचे काम वाचणाऱ्याने करावयाचे असे.

याच काळात स्वाक्षरीची रूढी पडली. युनिक्स प्रणालीवर 'सिग्नेचर' नावाच्या एका लहान फाइलीत आपले नाव, संस्था व पत्ता लिहून ठेवावा आणि तो प्रत्येक पत्राच्या शेवटी आपोआप जोडला जावा, अशी ती व्यवस्था होती. तिच्याबरोबर एक खूणही आली, आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. स्वाक्षरीपूर्वी एका स्वतंत्र ओळीत दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढे एक रिकामी जागा, एवढीच ती खूण. उत्तर लिहिताना वाचकाची आज्ञावली ती ओळखून तिच्याखालचा भाग गाळू शके. येथे मजकूर संपला आणि पुढे आहे ती केवळ ओळख, असे सांगणारी ही मर्यादामुद्राच होय. स्वाक्षरी चार ओळींहून अधिक असू नये असा शिष्टाचारही रूढ झाला. ऑक्टोबर १९९५ मधील १८५५ क्रमांकाच्या टिपणात तो नोंदलेला आहे. हौशी मंडळी या चार ओळींतही अक्षरांची चित्रे रचीत. ते बोधचिन्हाचे पूर्वरूप म्हणावयास हरकत नाही, आणि ते कधीही जोडपत्र होऊ शकत नसे, हे त्याचे भाग्य.

निरनिराळ्या प्रकारची सामग्री एकाच पत्रातून नेण्याचे प्रयोग ऐंशीच्या दशकात अनेक ठिकाणी चालू होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँड्र्यू प्रणालीत चित्रे असलेली पत्रे जात-येत असत, परंतु ती त्या प्रणालीच्या बाहेर वाचता येत नसत. त्या प्रणालीवर काम केलेले नॅथॅनिएल बोरेनस्टीन पुढे बेलकोर या संशोधनसंस्थेत गेले, आणि नेड फ्रीड यांच्यासह त्यांनी 'माइम' या नावाने ओळखले जाणारे मानक सिद्ध केले. जून १९९२ मध्ये ते १३४१ क्रमांकाच्या आरएफसीत प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये २०४५ ते २०४९ या पाच टिपणांत त्याला आजचे रूप मिळाले. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी या पद्धतीचे एक पत्र सहकाऱ्यांना धाडले होते. त्यात ते स्वतः ज्या चौघांच्या गायनमंडळात गात त्या मंडळाचे छायाचित्र व गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. जोडपत्राचा आरंभ म्हणून हे पत्र आज सांगितले जाते. या पत्रातील चित्र आणि ध्वनी हाच त्याचा खरा मजकूर होता. ते पत्राच्या आत होते की सोबत, असा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता तर तो बहुधा निरर्थक ठरला असता.

माइमची मूळ कल्पना अशी : पत्राच्या मजकुराचे अनेक भाग पाडावेत, प्रत्येक भागाच्या माथ्याशी त्याचा प्रकार लिहावा, आणि भागाभागांच्या मध्ये एक ठरलेली सीमारेषा घालावी. भागांच्या समूहालाही प्रकार असतात. 'मिक्स्ड' या समूहातील भाग परस्परांपासून स्वतंत्र, एकापाठोपाठ यावयाचे. 'अल्टरनेटिव्ह' मध्ये एकाच मजकुराची दोन रूपे असतात, त्यांपैकी वाचकाच्या आज्ञावलीने आपल्याला झेपेल ते निवडावे. अक्षरेतर सामग्री सुरक्षित वाहून नेण्यासाठी बेस६४ ही पद्धत ठरली. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून सामग्री सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. तीस हजार बाइटांचे बोधचिन्ह चाळीस हजार अक्षरे होऊन जाते, आणि पत्रोत्तरांच्या साखळीत ते पुनःपुन्हा जात राहते. या मानकाने प्रत्येक भाग म्हणजे काय ते सांगितले. तो भाग पत्रात कोणत्या नात्याने आहे, हे मात्र १९९२ मध्ये सांगितले नाही. भागास ओळखक्रमांक देण्याची 'कंटेंट-आयडी' ही सोय होती, परंतु तो क्रमांक पुकारून भागाला मजकुरातील जागेवर बोलाविण्याची रीत अद्याप ठरली नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे दोन प्रयत्न झाले, आणि ते दोन वेगळ्या गरजांतून झाले. पहिला जून १९९५ मध्ये. रेन्स ट्रूस्ट आणि 'युडोरा' या त्या काळी लोकप्रिय असलेल्या आज्ञावलीचे कर्ते स्टीव्ह डॉर्नर यांनी १८०६ क्रमांकाच्या टिपणात 'कंटेंट-डिस्पोझिशन' ही शीर्षओळ सुचविली. ऑगस्ट १९९७ मध्ये कीथ मूर यांच्या सहकार्याने ती २१८३ मध्ये मानकाच्या मार्गाला लागली. भागाच्या माथ्याशी 'इनलाइन' लिहिले असल्यास तो पत्र उघडताच दिसावा, 'अटॅचमेंट' लिहिले असल्यास वाचकाने स्वतःहून मागितल्यावर दिसावा. पत्र व पुरवणी यांतील भेद नोंदणारा शब्द ई-मेलला येथे प्रथमच मिळाला. परंतु तो ऐच्छिक ठेवला गेला. शीर्षओळ नसेल तर वाचकाच्या आज्ञावलीने आपल्याला योग्य वाटेल तसे करावे, असे हे टिपण सांगते. आणि ओळखीचा नसलेला कोणताही शब्द आल्यास तो 'अटॅचमेंट' समजावा, असेही सांगते. संशय आला की वस्तू पत्राबाहेर ठेवावी, हा नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. बोधचिन्हाच्या वाट्याला जे पुढे आले त्याचे एक मूळ मात्र येथे आहे.

दुसरा प्रयत्न एचटीएमएल पत्रांसाठी झाला. जालपृष्ठाप्रमाणे सजविलेले पत्र धाडावयाचे, तर त्यातील चित्रे त्याच्याबरोबर न्यावी लागत. एडवर्ड लेव्हिन्सन यांनी 'रिलेटेड' हा नवा समूहप्रकार योजला : डिसेंबर १९९५ मध्ये १८७२, नंतर ऑगस्ट १९९८ मध्ये २३८७ हा आरएफसी. यातील एक भाग मुख्य आणि बाकीचे त्याचे अवयव. त्यांनीच 'सीआयडी' हा पत्ता योजला, ज्यामुळे एचटीएमएल मजकूर आपल्या योग्य जागी 'अमुक क्रमांकाचा भाग येथे दाखवा' असे म्हणू शकतो. स्टॉकहोम विद्यापीठातील जेकब पाल्मे आणि अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी या सर्वांची सांगड घालून मार्च १९९७ मध्ये २११० हे टिपण प्रसिद्ध केले, व दोन वर्षांनी निक शेलनेस यांच्यासह त्याची सुधारलेली आवृत्ती काढली.

आता या दोन उत्तरांचा संबंध पाहावा. भागाच्या माथ्यावरचा शब्द एक सांगतो, समूहाचा प्रकार दुसरे सांगतो. दोहोंत विरोध आला तर? लेव्हिन्सन यांना हा प्रश्न पडला होता. ज्या आज्ञावलीला 'रिलेटेड' कळते तिने आतल्या भागांवरील 'इनलाइन' वा 'अटॅचमेंट' हे शब्द दुर्लक्षावेत, असे २३८७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ज्या आज्ञावलीला ते कळत नाही तिने समूह 'मिक्स्ड' समजावा, हा माइमचा जुना नियम होताच, आणि अशा आज्ञावलीस तो शब्द उपयोगी पडावा म्हणून तो लिहावा, हेही तेथे सुचविले आहे. तर्कदृष्ट्या ही व्यवस्था निर्दोष आहे. व्यवहारात तिचे फलित असे की, एकच बोधचिन्ह एका वाचकाच्या दृष्टीने पत्राचा अवयव आणि दुसऱ्याच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तू ठरते, आणि दोघांपैकी कोणाचीही आज्ञावली मानकाविरुद्ध वागलेली नसते.

बोधचिन्ह नेमके कोठे घसरते, याचे प्रकार यावरून लागतात. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे पत्र साध्या मजकुराच्या रूपात लिहिले जाणे किंवा वाचले जाणे. साध्या मजकुरात चित्राला जागाच नाही. पाठविणाऱ्याने बोधचिन्ह घातलेले असो, वाचकाने सुरक्षिततेसाठी सर्व पत्रे साध्या मजकुरात दाखविण्याची योजना केली असेल, तर चित्राला पत्राबाहेर उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. उत्तर लिहिणाऱ्याने साध्या मजकुरात उत्तर दिले तरी पुढच्या फेरीत तेच घडते. दुसरा प्रकार मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधील 'रिच टेक्स्ट' या स्वरूपाचा. त्यात सगळी सजावट एका खासगी वेष्टनात बांधून जाते, आणि ते वेष्टन न कळणाऱ्या आज्ञावलीत 'विनमेल डॅट' या नावाची एकच गूढ फाइल दिसते. बोधचिन्ह तर सोडाच, खरे जोडपत्रही तिच्या पोटात अडकते. येथे उपाय सरळ आहे. संस्थेबाहेर जाणारी पत्रे एचटीएमएल स्वरूपातच धाडावीत.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे व बहुधा तोच चुकीच्या दिशेने शोधला जातो. पत्र एचटीएमएल आहे, चित्रही त्यात आहे, पण ते 'रिलेटेड' समूहात न ठेवता 'मिक्स्ड' समूहात ठेवलेले आहे; किंवा समूह योग्य आहे पण भागाचा 'कंटेंट-आयडी' आणि मजकुरातला 'सीआयडी' पत्ता तंतोतंत जुळत नाही; किंवा माथ्यावर 'इनलाइन' ऐवजी 'अटॅचमेंट' लिहिलेले आहे. काही उदार आज्ञावल्या यांतूनही वाट काढून चित्र जागेवर दाखवितात, म्हणून पाठविणाऱ्याला आपले पत्र निर्दोष वाटते. समूहांच्या मांडणीतही दोन घराणी आहेत. कोणी पर्यायी रूपांच्या आत एचटीएमएल व चित्र यांचा 'रिलेटेड' समूह ठेवतात, तर कोणी 'रिलेटेड' समूहाच्या आत पर्यायी रूपे ठेवतात. वाटेतील एखाद्या सर्व्हरने पत्राच्या तळाशी कायदेशीर सूचना जोडण्यासाठी ही मांडणी उलगडून पुन्हा बांधली, तर नाते तुटण्याचा संभव आणखी वाढतो. याशिवाय जोडपत्राची खूण हा स्वतंत्र विषय आहे. कित्येक साठवणप्रणालींत पत्रातील चित्रे जोडपत्रांच्याच तक्त्यात नोंदली जातात व केवळ 'लपविलेले' असा शेरा त्यांच्यावर असतो. हा शेरा राहून गेला की चित्र जागेवर दिसत असूनही माथ्याशी क्लिप दिसते.

या प्रकारांत निदानाची रीत एकच, आणि ती कागदपत्रांच्या अभ्यासकास नवी नाही : अस्सल पाहावे. पडद्यावर दिसते ती पत्राची नक्कल असते, आणि नक्कल करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे ती केलेली असते. बहुतेक आज्ञावल्यांत पत्राचे मूळ रूप दाखविण्याची सोय आहे. ते उघडावे आणि बोधचिन्हाचा भाग शोधून तीन गोष्टी वाचाव्यात : तो कोणत्या समूहात आहे, त्याचा ओळखक्रमांक मजकुरात पुकारलेला आहे काय, आणि त्याच्या माथ्यावर कोणता शब्द आहे. तिन्ही योग्य असतील तर दोष वाचणाऱ्याच्या बाजूस. एक जरी अयोग्य असेल तर पाठविणाऱ्याच्या वा वाटेवरच्या सर्व्हरच्या. ही तपासणी न करता स्वाक्षरी पुनःपुन्हा नव्याने रचण्यात पुष्कळ कचेऱ्यांचा वेळ जातो.

चित्र पत्रासोबत न नेता ते संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावे आणि पत्रात केवळ त्याचा पत्ता द्यावा, असा एक मार्ग सांगितला जातो. त्यामुळे जोडपत्राचा प्रश्न मुळातच नाहीसा होतो हे खरे. परंतु या मार्गालाही इतिहास आहे. दुरून आणावयाचे चित्र म्हणजे पत्र केव्हा व कोठे उघडले गेले याची बातमी पाठविणाऱ्याला देणारे साधन, हे जाहिरातदारांनी लवकरच ओळखले. म्हणून आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीने अशी चित्रे आपण होऊन आणणे थांबविले. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून ती पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, परंतु स्वतःच्या सर्व्हरमार्गे. म्हणजे दूरचे बोधचिन्ह काही वाचकांना दिसते, काहींना परवानगी दिल्यावरच दिसते, आणि संकेतस्थळाची रचना बदलली की जुन्या सर्व पत्रांतून एकाच दिवशी नाहीसे होते. चित्राची अक्षरे थेट एचटीएमएलमध्येच गुंफण्याची 'डेटा' पत्त्याची तिसरी रीत १९९८ पासून उपलब्ध आहे. पण ती जीमेलमध्ये व संगणकावरील प्रचलित आउटलुकमध्ये चालत नसल्याने पत्रव्यवहारास निरुपयोगी ठरली आहे. आमच्या मते, जे पत्र टिकावयाचे आहे त्यात बोधचिन्ह सोबतच न्यावे, लहान न्यावे, आणि ते न दिसल्यास पत्राचे काही बिघडणार नाही अशी स्वाक्षरी रचावी.

या शेवटच्या अटीचा मराठीशी निकटचा संबंध आहे. १९९२ पूर्वीच्या पत्रमानकात देवनागरीला स्थानच नव्हते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, तरी सामान्य संगणकावर तिचा आधार विण्डोज २००० पासून दिसू लागला. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर विशिष्ट टंकांत बांधलेला असे व तो टंक नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांची विसंगत रांग होऊन उमटे. त्यामुळे संस्थेचे मराठी नाव ई-मेलमध्ये आणण्याचा खात्रीचा मार्ग चित्र हाच होता. नाव, ब्रीद आणि पत्तासुद्धा बोधचिन्हाच्या चित्रात कोरलेला असे. खाली मजकुरात असे ते इंग्रजी. असे चित्र जोडपत्र होऊन बाजूला पडले की पत्रातून मराठी नावच जाते. आज युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी स्वाक्षरी कोणत्याही प्रचलित आज्ञावलीत शाबूत पोचते. तरीही कित्येक मराठी संस्थांच्या स्वाक्षऱ्यांत देवनागरी अद्याप केवळ चित्रातच वसते, ही सवय सोडावयास हरकत नाही. नाव अक्षरांत असावे. त्यामुळे ते शोधता येते, दृष्टिहीनांच्या वाचनसाधनालाही कळते, आणि चित्र गेले तरी मागे राहते.

आता संशोधकाच्या अडचणीकडे वळू. अभ्यासासाठी खुला झालेला सर्वांत प्रसिद्ध ई-मेल संग्रह एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा. ती डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि चौकशीच्या ओघात तिचा पत्रव्यवहार तेथील ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. संशोधकांत प्रसृत झालेली, कार्नेगी मेलन विद्यापीठाने उपलब्ध करून दिलेली त्याची आवृत्ती जोडपत्रांवाचून आहे. हा निर्णय सोयीचा असेल; परंतु त्यामुळे पत्राचा कोणता अंश ठेवावयाचा व कोणता गाळावयाचा हे मानकांनी केलेल्या त्याच अस्थिर विभागणीवर सोपविले जाते. ज्या संग्रहात जोडपत्रे गाळली जातात तेथे बोधचिन्ह कधी टिकेल, कधी जाईल, आणि पत्र कोणत्या अधिकाराने लिहिले होते हे दाखविणारी खूण त्याच्याबरोबर जाईल. ज्या संग्रहात जोडपत्रे मोजली जातात तेथे शेकडो 'इमेज००१' खऱ्या दस्तऐवजांच्या संख्येत मिसळतील. पत्रे छापून किंवा पीडीएफ करून ठेवणाऱ्या कचेरीत तर समूह, क्रमांक व शीर्षओळी यांचा मागमूसही उरत नाही. तेथे फक्त एका आज्ञावलीने एका दिवशी केलेली नक्कल उरते. सांध्यावरचे शिक्के कापून टाकून कागद वेगवेगळे रचावेत, तसे हे आहे. अभिलेखागारांनी ई-मेल मूळ रूपातच, सर्व भागांसह, जतन करावा हा आग्रह याचसाठी धरावयाचा. वाचनासाठी नक्कल हवी तर ती निराळी करावी.

या विवेचनात स्वाक्षरी हा शब्द आपण ओळखीच्या ओळी या अर्थाने वापरीत आलो आहोत. कायद्याच्या अर्थाने जी स्वाक्षरी, तिचीही या रचनेत हीच गत झाली आहे. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली. ई-मेलवर अशी स्वाक्षरी करण्यासाठी 'साइन्ड' नावाचा समूहप्रकार ऑक्टोबर १९९५ मधील १८४७ क्रमांकाच्या टिपणात योजलेला आहे : पहिला भाग पत्र, दुसरा भाग त्या पत्राच्या अक्षरन् अक्षराशी गणिताने बांधलेली स्वाक्षरी. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. मोर्तबाचे काम ई-मेलमध्ये खऱ्या अर्थाने कोणी करीत असेल तर हीच. परंतु हा प्रकार न ओळखणारी आज्ञावली याही समूहाला 'मिक्स्ड' समजते, आणि पत्राखाली 'एसमाइम' या नावाची काही हजार बाइटांची एक फाइल जोडपत्र म्हणून दिसू लागते. ती उघडून काही वाचता येत नाही. पुष्कळ वाचक तिला विषाणू समजून पुसून टाकतात, आणि तिच्या वर ज्या पत्राचा पुरावा ती होती ते पत्र, बोधचिन्हासह, जपून ठेवतात.